आधी दगड, मग चहा

शमुवेलकाकांच्या शिबिरात दगड उचलल्याशिवाय कुणालाही चहा मिळत नाही. हा नियम रविवारच्या शाळेतल्या मुलांना आहे, तरुण संघाला आहे आणि पाहुण्या पाळकसाहेबांनाही आहे. एका साहेबांनी कंबरदुखी सांगून पाहिली. काकांनी त्यांच्यासाठी नारळाएवढा दगड निवडला आणि म्हणाले, "उपदेशापेक्षा हलका आहे, साहेब." साहेबांनी उचलला.

आमच्या चर्चच्या मंडळीची ही जागा हातखंब्याच्या पुढे, देवरूखच्या बाजूला आहे. वर कातळाचा सपाट सडा, उतारावर काजू, तळाला पऱ्या, म्हणजे छोटा ओढा. तीन खोल्या, एक पत्र्याची शेड. बाकीच्यांनी तंबूत झोपायचं. भोवती जांभ्याचा गडगा आहे. सिमेंट नाही, माती नाही, नुसते एकावर एक रचलेले दगड. शिबिरार्थींनी उचलायचे ते दगड या गडग्यातून पडलेले.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, त्याच सुमारास काकू गेल्या, आणि मंडळीने त्यांना इथली एक खोली देऊन राखणीला ठेवलं. आठवड्याने भाजी आणायला गावात जातात. एरवी शिबिर नसेल तेव्हा तिथे कुणी फिरकत नाही.

शिबिराच्या पहिल्या सकाळी ते सगळ्यांना रांगेत उभं करतात. "मागचे पुढे सरका! दारात कोण थांबलंय?" उघड्या माळावर दार कुठलं, हे विचारायची सोय नाही. ताटलीवर चमच्याने दोन ठोके पडले, की डबल बेल. मग दगड हातोहात पुढे सरकू लागतात.

गडगा दरवेळी एकाच ठिकाणी पडलेला असतो, मोठ्या ऐनाच्या झाडाजवळ.

"डुकरांनी पाडलानी," काका सांगतात.

"काका, डुकरं दरवेळी इथंच कशी येतात?" मांडवीच्या एका मुलीने एकदा विचारलं.

"एसटी दरवेळी थांब्यावरच का थांबते?"

गडग्यापलीकडे गणूतात्या राहतात. हद्दीवरून त्यांचा आणि मंडळीचा जुना वाद. मंडळीच्या पंचकमिटीने ठराव केला होता, की या गृहस्थांना आवारात पाऊल टाकू देऊ नये. दिल्यास राखणदाराला जबाबदार धरावं. काकांना तो ठराव कसोशीने पाळताना आम्ही सर्वांनी पाहिलं आहे. शिबिरात दिवसातून दोनदा गडग्याच्या दोन बाजूंनी भांडण होई.

"शमुवेल्या, तुझ्या काजूची सावली माझ्या नाचणीवर पडते!"

"मग सूर्याला नोटीस धाड!"

मुलांना रानातले पक्षी-प्राणी पाहण्यापेक्षा हे अधिक आवडे.

शेवटी पंचकमिटीने विचार केला, की डुकरं येतात, तात्याही येतील; तेव्हा गडगा काढून चिऱ्यांची सिमेंटमधली पक्की भिंत घालावी. काका सभेत उभे राहिले. "गडगा वारा सोडतो, पाणी सोडतो. भिंत काही सोडत नाही," एवढंच म्हणून खाली बसले. मी कमिटीचा चिटणीस. जागेवर जाऊन अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मी न कळवता गेलो. मंगळवार होता, दुपारची वेळ. ऐनाजवळ गडगा पडलेला होता. पण डुकरांनी पाडलेले दगड विखुरतात. हे लहानमोठे लावून एका बाजूला रचलेले होते. मधल्या फटीत एक सपाट चिरा पायरीसारखा बसवला होता, जेमतेम वीतभर उंच. शेजारी धरायला बांबू बांधलेला होता.

पलीकडून गणूतात्या येत होते. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. उजवा गुडघा अजिबात वाकत नव्हता. अलीकडे काका हात पुढे करून उभे होते.

"आधी डावा. थांब. डबल बेल दिल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही."

"मेल्या, पिठी निवतेय. दे बेल."

काकांनी जिभेने दोनदा टक्‌टक् केलं. तात्या अलीकडे उतरले आणि दोघांना मी दिसलो.

काकांनी पडलेल्या गडग्याकडे बोट दाखवलं.

"डुकरं," काका म्हणाले.

"मला म्हणतोस?" तात्यांनी विचारलं.

मग आम्ही तिघे जेवलो. कुळथाची पिठी, भात, भाजलेली सुकट. तात्यांचे मुलगे मुंबईला. घरात तेही एकटेच. रस्त्याने इथं यायचं तर दीड मैलाचा वळसा आणि मध्ये चढ. त्या गुडघ्याला तो जमणार नाही. शिबिर आलं, की कमिटीची माणसं येतात, म्हणून गडगा बांधावा लागतो. शिबिर गेलं, की काका तो उतरवतात.

"आणि ती भांडणं?"

"त्या दिवसांत जेवायला एकत्र बसता येत नाही," तात्या म्हणाले. "निदान आवाज ऐकू येतो."

काका ताट घासत होते. मान वर न करता म्हणाले, "अहवालात जे पाहिलंत ते लिहा. मी खोली रिकामी करीन."

पूर्वी वर्तमानपत्रात बातमीदार होतो, तेव्हा मी न पाहिलेली गोष्ट कधी लिहिली नाही. पंचकमिटीला मी लिहून दिलं: 'गडगा एकाच ठिकाणी पडतो. कारण, डुकरं. त्यांची वाट जुनी आहे. पक्की भिंत घातल्यास डुकरं दुसरीकडून घुसून काजूची नासधूस करतील. गडगा आहे तसा ठेवावा.' भिंतीचा विचार मागे पडला.

पुढचं शिबिर रविवारपर्यंत होतं. त्यात मीही रांगेत उभा राहिलो. चमचा वाजला, दगड सरकू लागले. एक सपाट चिरा माझ्या हातात आला. मी तो पुढच्याला देणार, तोच काका शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाले,

"हा वर चढवू नका. ऐनाच्या मुळाशी ठेवा. सोमवारी लागेल."