वामकुक्षीतली उड्डाणं

दुपारी जेवून आडवी झालेली जी माणसं स्वप्नात उडतात, त्यांच्याकडून पार्सलं पोचवून घ्यायला 'वायुभार' या मालवाहू विमान कंपनीने सुरुवात केली, तेव्हा वैमानिक संघटनेने हरकत घेतली नाही. करारात तशी सोयच होती. दहातलं एक उड्डाण कंपनीला बाहेरच्या माणसांकडून करून घेता येत असे, आणि बाहेरची माणसं जागी असावीत असं करारात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

पद्धत सोपी होती. कंपनीचा माणूस घरी येऊन पार्सल उशाशी ठेवून जाई. घरचा माणूस जेवे, डाव्या कुशीवर होई आणि उडे. तो जागा होईपर्यंत पार्सल नागपुरात किंवा इंदुरात कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पडलेलं असे. वरणभातावर झोपणारा फार तर नाशिक गाठे. श्रीखंडपुरी झालेली असली तर दिल्लीसुद्धा जमे. रात्रीच्या झोपेचा मात्र उपयोग नव्हता. रात्री माणसं उडण्यापेक्षा पडतातच जास्त, आणि त्याला विमा कंपनी तयार होईना. दुपारी झोपणारी माणसं शोधत कंपनीला पुण्यात फार हिंडावं लागलं नाही, हे काही सांगायला नको.

बिघडलं ते पुढे. झोपेला ना इंधन लागतं, ना धावपट्टी. कंपनीला चटकच लागली. दहातलं एक म्हणता म्हणता दहातली चार उड्डाणं गाद्यांवरून होऊ लागली आणि विमानं धूळ खात उभी राहिली. इरफान मुलाणी नावाचा तरुण सहवैमानिक, आत्ता कुठे बाप झालेला, महिनाभर घरी बसला. संघटनेची माणसं खवळली. सरचिटणीस कॅप्टन विभावरी कारखानीस यांना त्यांनी बजावलं, "मॅडम, बाहेरची उड्डाणं मर्यादेत आणा. जे शेवटी घेतलेत त्यांना आधी काढायला लावा."

विभावरीने मान डोलावली खरी, पण शेवटी घेतलेल्यांत तिचे वडील होते.

अण्णा कारखानीस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. बायको गेली तेव्हापासून त्यांनी अंथरूणच धरलं होतं. दुखणं म्हणावं तर काहीच नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासून "उठा, फिरा" एवढंच सांगितलं, आणि अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. मग एक दिवस कंपनीचा माणूस दारात आला. त्या दुपारी अण्णा औषधांचं खोकं घेऊन सोलापूरला जाऊन आले आणि चहाला चक्क उठून बसले. "विभा, उजनी वरून काय दिसते गं!" म्हणाले. विभावरी स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

पण अण्णांना दुपार पुरेना. न्याहारीनंतर एक खेप, जेवणानंतर एक, दिवेलागणीला आणखी एक. ते उठत फक्त जेवायला, तेही पोटात वजन असल्याशिवाय लांबचा पल्ला जमत नाही म्हणून. उजनीबद्दल बोलणं बंद झालं. कशाबद्दलच बोलणं राहिलं नाही. विभावरी ड्यूटीवरून येई तेव्हा आतून घोरणं ऐकू येई आणि उशाशी पुढचं खोकं तयार असे.

एकदा ती हैदराबादहून माल घेऊन येत असताना दौंडच्या अलीकडे तिला ते दिसले. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, काखेत खोकं. तिने रीतसर नियंत्रण कक्षाला कळवलं, "उजवीकडे वडील आहेत."

"उंची?" पलीकडून विचारणा झाली.

"माझ्याहून जरा वर."

"तुम्ही वाट द्या, मॅडम. ते झोपेत आहेत."

तिने वाट दिली. अण्णा हसत होते. इतकं मोकळं हसू तिने घरात कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा, पण ओळखलं नाही. तिला आधी त्या हसण्याचा हेवा वाटला, आणि मग अण्णांचा रागच आला.

घरी आल्यावर तिने त्यांना हलवून उठवलं. "अण्णा, तुमचं उडणं बंद होणार. करारात बसत नाही."

"कोणी ठरवलं?"

"आमच्या संघटनेने. सही मीच करणार आहे."

अण्णा छताकडे बघत म्हणाले, "आणि मी उठून करायचं काय? तेही लिहिलंय का तुमच्या करारात?"

बंद करावं तर माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार. चालू ठेवावं तर असाच झोपेत लांब लांब जात राहणार आणि एखाद्या दिवशी परत यायचं विसरणार. काहीही केलं तरी बाप हातचा जाणार होता.

वाटाघाटींना कंपनीकडून धोंगडेसाहेब आले. साहेब फार गोड बोलत, आणि ते गोड बोलू लागले की समोरच्याने आधी खिसा चाचपावा.

"कॅप्टन, मुळात ही उड्डाणंच नाहीत," ते म्हणाले. "विमान नाही, इंजिन नाही, माणूस गादीवर. मर्यादा कसली मोजता?"

"पार्सल पोचतं ना?"

"पोचतं."

"कुठून जातं?"

"आता... आकाशातूनच जातं."

"मग ते उड्डाण. आणि ते करणारा वैमानिक."

धोंगडे एकदम खुलले. "वैमानिक म्हणता? मग घ्या की त्यांना संघटनेत! ते बाहेरचे राहणारच नाहीत. मर्यादेचा प्रश्नच मिटला!" आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

संघटनेच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. विभावरीच्या डोळ्यांपुढे उशाशी ठेवलेलं ते पुढचं खोकं होतं.

"घेतो," ती म्हणाली. "मग त्यांना सगळा करार लागू. विश्रांतीसकट."

"विश्रांती?" धोंगडे हसायलाच लागले. "अहो बाई, ते झोपलेलेच असतात!"

"झोप ही त्यांची ड्यूटी आहे, साहेब. एका उड्डाणानंतर, पुढच्या उड्डाणाआधी, वैमानिकाला कामापासून पूर्ण मोकळीक हवी. दिवसा झोपलेला माणूस कधी उडेल याचा नेम नाही. तेव्हा त्याची विश्रांती म्हणजे जागं राहणं. दिवसाला एक डुलकी, बाकी दिवस टक्क जागं."

धोंगड्यांचा चहा कपातच निवला. त्यांनी कंपनीच्या वकिलांना फोन लावला. वकीलसाहेब नुकतेच डुलकी काढून उठले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बाईंचं बरोबर आहे असं सांगितलं.

आता एका डुलकीत जाईल तेवढाच माल गाद्यांवर राहिला. उरलेला विमानांकडे परत आला. इरफानला नागपूरची फेरी मिळाली आणि त्याने संघटनेच्या कार्यालयात पेढे वाटले, नोकरीचे आणि मुलीचे एकदमच.

अण्णा मात्र भडकले. "सबंध दिवस जागं राहायचं? हा कुठला न्याय? तुझ्या आईनेसुद्धा कधी माझी झोप मोडली नाही!"

"उशीला टेकलात तर निलंबन होईल, अण्णा. सरचिटणीस आहे मी, मला बघावं लागेल."

"बापाला निलंबित करशील?"

"करीन."

सुरुवातीला ते गॅलरीत खुर्ची टाकून नुसते धुमसत बसले. दिवस खायला उठला. पण जागा माणूस हातावर हात ठेवून बसणार तरी किती? समोरच्यांनी स्कूटर वाकडी लावली म्हणून त्यांच्याशी भांडून झालं. गवार जून निघाली म्हणून भाजीवाल्याची हजेरी घेऊन झाली. मग तीच गवार मोडायला बसले. मोडता मोडता बायकोची आठवण निघाली, ती गवारीत किती सढळ हाताने शेंगदाण्याचं कूट घालायची हे सांगता सांगता अण्णा हमसून हमसून रडले. ती गेल्यापासून ते पहिल्यांदाच रडत होते. विभावरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. कराराप्रमाणे अण्णांची विश्रांती चालू होती.

पुढच्या आठवड्यात ती गणवेशाला इस्त्री करत असताना अण्णांनी ड्यूटी लावणाऱ्या कक्षाला स्वतः फोन केला.

"कारखानीस बोलतोय. कॅप्टन नव्हे हो, झोपेतले. मंगळवारी मला रजा हवी." पलीकडचं त्यांनी ऐकून घेतलं. "छे छे, तब्येत ठणठणीत आहे. मुलगी घरी आहे मंगळवारी."

इस्त्री तापलेली होती, म्हणून विभावरीने ती आधी नीट बाजूला उभी केली आणि मग डोळे पुसले.

"नाही, दुपारीसुद्धा जमणार नाही," अण्णा सांगत होते. "दिवसभर जागा आहे मी."

रजा मंजूर झाली. मंगळवारचं इंदूरचं खोकं नारायण पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी नेलं.