राठोड सिस्टरच्या राजधान्या

आमच्या शेजारच्या राठोड सिस्टर ‘हो’ म्हणताना ‘नाही’ अशी मान हलवतात. आणि ‘नाही’ म्हणायचं असलं की मान डोलावतात. बल्गेरियातून आल्यापासून हे सुरू झालं. तिथली माणसं म्हणे असंच करतात. सिस्टर तिकडे जेमतेम दीड-दोन महिने होत्या, पण मानेला वळण लागलं ते लागलंच. परवा दूधवाल्यानं विचारलं, “एक लिटर देऊ का जी?” सिस्टरनी मान डावी-उजवीकडे हलवली. तो गाडीला किक मारून निघाला. सिस्टर पातेलं घेऊन फाटकापर्यंत धावल्या. “अबे, हो म्हणून राह्यली न मी.” तेव्हापासून तो काही विचारत नाही. एक लिटर ओततो आणि जातो.

सिस्टर म्हणजे कमलाबाई राठोड. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाल्या. उंच, रुंद, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसावा. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय आहे. आपण पावसापाण्याचं बोलत असतो आणि त्या मध्येच म्हणतात, “नाडी लय जोरात चालून राह्यली तुझी. चहा कमी कर.” नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा प्रवीण रात्रपाळ्या करून वाढवला. तो इंजिनिअर झाला, आधी पुण्याला आणि मग सोफियाला, बल्गेरियाच्या राजधानीत, एका कॉम्प्युटर कंपनीत गेला. त्याला भेटायला म्हणून सिस्टर गेल्या आणि तिकडच्या पाच राजधान्या एकट्या पाहून आल्या.

यवतमाळात ही बातमी झाली. बासष्टाव्या वर्षी, नऊवारी नाही पण पाचवारी साडीत, इंग्रजी जेवढं औषधाच्या बाटलीवर असतं तेवढंच येत असताना ही बाई एकटी फिरली. भीती नाही वाटली का, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

“आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरत. तांड्यातल्या बाईले रस्त्याचं काय भेव? मी त एसटीनंच गेली असती, पण ते तिथवर जात नाही.”

आमच्या महिला मंडळानं त्यांचा कार्यक्रम ठेवला. नारळ, शाल, आणि ‘एकटीनं युरोप’ असा फळा. सिस्टरनी माईक बाजूला सारला. त्यांना तो लागतही नाही.

“सोफियात चौकातच गरम पाण्याचे नळ हायेत,” त्या म्हणाल्या. “जमिनीतून येते ते पाणी. लोकं कॅना घेऊन येतेत, भरतेत, जातेत. आपल्या इथं टँकर आला की कसं वाटते, तसंच. पण भांडण नाही. मले काही करमलं नाही.”

बायका हसल्या. मग सर्बियाचं बेलग्रेड आलं. “दोन नद्या मिळतेत, वरून किल्ला. पाह्यण्यासारखं हाय. पण माणसं इतक्या सिगारेटी फुकतेत, मले वाटलं परत टीबी वॉर्डात ड्यूटी लागली.” तिराना म्हणजे अल्बानियाची राजधानी, तिथल्या इमारती पोळ्याच्या बैलासारख्या रंगवलेल्या, आणि सगळं गाव दिवसभर कॉफी पीत बसलेलं. “कामाले कोण जाते, काय मालूम.” आणि स्कोप्ये, मॅसेडोनियाची राजधानी. तिथे इतके पुतळे की, सिस्टरच्या मते, वर्षभर रोज एक जयंती केली तरी पुतळे सरायचे नाहीत.

बोस्नियाच्या साराजेवोबद्दल मात्र त्या हळू बोलल्या. तिथे लढाई झाली होती. जिथे बॉम्ब पडून माणसं मेली, तिथले रस्त्यातले खड्डे लाल रंगानं भरून ठेवले आहेत. “मी चप्पल काढून बाजूनं गेली. एक म्हातारी बाकावर बसून होती. भाषा नव्हती येत. मी बसली अन् तिची नाडी पाह्यली. तिनं हात काढून नाही घेतला. अर्धा घंटा बसलो आम्ही.”

कार्यक्रम इतका रंगला की बायकांनी तिथेच ठरवलं, आपणही जायचं. सिस्टर पुढे, आपण मागे. मंडळाच्या देशमुखवहिनी म्हणाल्या, “आणि सोफियात प्रवीणचं घर आहेच की. त्याच्या हातचा चहा घेऊ, त्याचं ऑफिस बघू.”

सिस्टरनी मान डोलावली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, होकार आला. मग सिस्टर तोंडानं म्हणाल्या, “नाही. मी कोणाले घेऊन जाणार नाही.” आणि शाल घडी करून निघून आल्या.

मंडळात बरंच बोललं गेलं. विमानात काय बसली, बाईला चढली. पोराचा पगार मोठा, आता आपण कशाला हव्यात तिला डोळ्यांसमोर. देशमुखवहिनींनी तर त्यांच्याशी बोलणंच सोडलं. एवढ्याशा गोष्टीवरून सिस्टर कुणाला तोडतील, हे मला पटेना. चारेक दिवसांनी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या मूग निवडत होत्या.

“सिस्टर, सरळ ‘नाही’ का म्हणालात? काही कारण सांगायचं होतं.”

“काय कारण सांगू?”

“तब्येतीचं सांगायचं.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“तुले सांगते वर्षा. पण इथंच राहू दे.”

मी हो म्हणाले.

“प्रवीण विमानतळावर घ्याले आलता. वाळला होता. मले एका दोस्ताच्या खोलीवर घेऊन गेला. म्हणे, याडी, माझ्या फ्लॅटचं काम चालू हाय.” घरात ते बंजाऱ्यांची गोरबोलीही बोलतात, याडी म्हणजे आई. “दोन दिवस राह्यला सोबत. मी भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो. मंग म्हणे, ऑफिसात काम लय हाय, तू तवरिक बेलग्रेड पाहून ये. मले कायले पाह्यचं होतं बेलग्रेड? मी त त्याले पाह्याले गेलती. पण म्हटलं, पोरगं हौसेनं म्हणून राह्यलं. गेली. वापस आली, दोन दिवस जेवलो, त म्हणे साराजेवो पाह्य. मंग तिराना. फ्लॅटचं काम काही सरेना.”

म्हणजे ज्या प्रवासाचं आम्ही कौतुक करत होतो, तो त्यांनी ठरवलेलाच नव्हता. त्यांना गावोगाव पाठवलं जात होतं.

“तिरानात मले ताप भरला. एक दिवस आधीच निघाली. त्याले फोन नाही केला, कामात असंल म्हटलं. सोफियात उतरली, त पाऊस. घसा दुखत होता, म्हणून त्या गरम नळावर गेली पाणी प्याले. समोर एक हॉटेल होतं. तिथं चार-पाच पोरं सायकली घेऊन उभे होते, पाठीवर ते चौकोनी बस्ते. घरोघरी जेवण नेऊन देतेत न, ते. त्यातल्या एकानं टोपी काढून पाणी झटकलं. प्रवीण होता.”

त्यांनी फाटकाकडे बोट केलं.

“इथून त्या फाटकाइतका दूर. हॉटेलातला माणूस बाहेर आला, त्याच्यावर ओरडला. काय म्हणे ते मले समजलं नाही. प्रवीण हसला. लहानपणी मार खाल्ला की हसे न तो, तसा.”

“मग?”

“मंग काय. मी नळाच्या मांगं झाली. तो पुडकं घेऊन गेला. मी सरळ स्टँडवर आली अन् जी गाडी लागली होती तिच्यात बसली. ते स्कोप्येची निघाली. पुतळे म्हणून जे मी सांगते न, ते मी बाकावर बसून नुसती पाहून राह्यली होती, डोळ्यांत काही शिरत नव्हतं. ठरल्या दिवशी सोफियाले आली. त्याले म्हटलं, बापा, येता येता अजून एक राजधानी पाहून आली. लय खूश झाला. म्हणे, याडी, तू त पक्की फिरस्ती झाली.”

“नोकरी गेली का त्याची?”

“कंपनी बंद झाली का काढलं, मले मालूम नाही. मी इचारलं नाही.”

“पण सांगायचं ना त्याला, मी पाहिलं म्हणून. घरी चल म्हणायचं.”

“तो म्हणाला असता त आणला असता. म्हणालाच नाही तो.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून ओघळू दिलं. “दवाखान्यात जिंदगी गेली माझी. पेशंटनं झाकलेली जखम उघडायची, त आधी हातात पट्टी पाह्यजे. माह्या हातात काय होतं? मायनं पाह्यलं हे त्याले समजलं, त तो मले तोंडच दाखवणार नाही. अन् देशमुखबाई तिथं जाऊन त्याचं ऑफिस पाह्यते म्हणते. त्यापरिस मले चढली म्हणू दे.”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. प्रवीणचा व्हिडिओ कॉल होता. सिस्टरनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा तोच वॉर्डातला आवाज काढला. मी बाजूला सरकले, तरी दिसत होतं: इस्त्रीचा शर्ट, मागे पांढरी भिंत, भिंतीवर काहीच नाही.

“जेवला का?”

“हो याडी.”

“ऑफिस?”

“चांगलं चालू हाय. याडी, पुढच्या उन्हाळ्यात येजो. पण तवा मले काम लय राह्यल. तू अथेन्स पाहून घे. लय जुनं शहर हाय, तुले आवडंल.”

“पाहून घेईन,” सिस्टर म्हणाल्या. “थंडीत ऑफिसात जातानी कान बांधत जाय.”

त्याचा हात कानाकडे गेला. मग हो म्हणाला आणि फोन ठेवला.

सिस्टर मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

“खरंच जाणार?” मी विचारलं.

“जाईन न. एक गाव पाहून आली का दोन दिवस भेटते तो. भाकर खाते माह्या हातची. मंग दुसऱ्या गावाले पाठवते.” त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं, पण मुगाला हात लावला नाही. “वर्षा, मोबाईलवर पाहून सांग बरं, तिकडं अजून किती राजधान्या हायेत.”

मी मोबाईल काढला. नकाशा उघडायला वेळ लागला, की मलाच दिसत नव्हतं, आठवत नाही. मी एकेक नाव वाचू लागले. अथेन्स. बुखारेस्ट. पोडगोरिका. झाग्रेब.

“हळू वाच,” सिस्टर म्हणाल्या. “पाठ करू दे.”