वीस रोपांची पडताळणी

कालिश शहराच्या बागमंडळाकडून ऑक्टोबरात आलेल्या पत्राला सेवेरिन यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र सभ्य होतं. 'आपल्या ताब्यातील तुकडा क्रमांक त्र्याऐंशी पडीक का आहे, याचा लेखी खुलासा करावा; अन्यथा तो प्रतीक्षायादीतील पुढील नागरिकास देण्यात येईल.' सेवेरिन स्वतः त्या यादीत अकरा वर्षं होते. एकसष्टाव्या वर्षी अर्ज केला, बहात्तराव्या वर्षी जमीन मिळाली. पुन्हा अर्ज केला तर त्र्याऐंशीव्या वर्षी मिळाली असती.

उत्तराचे सात मसुदे झाले. पहिला उर्मट वाटला, दुसरा लाचार. पाचव्यात 'खेद' दोनदा आला होता. आयुष्यभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य जागेवर लावता येईना. शेवटी खुलासा कुदळीनेच करावा असं त्यांनी ठरवलं.

रासबेरीवरची तीन पुस्तकं वाचून ते कामाला लागले. चिवट गवताची मुळं हाताने वेचली, फावडंभर खोल चर खणला, तळाशी कुजलेलं शेणखत घातलं. वीस रोपं बादलीत तासभर भिजवून हातभर अंतरावर एका ओळीत लावली आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गुडघ्याखाली छाटली. शेजारच्या चौऱ्याऐंशी नंबरच्या व्हांदाबाई खसखशीचा केक आणि थर्मासमधला चहा घेऊन आल्या. तुमच्या वयाची माणसं पुस्तकात बागा लावतात, असं म्हणून त्यांनी स्वतःच दोन रोपांची माती दाबून दिली.

नोव्हेंबरात तपासणी झाली. रेल्वेतून निवृत्त झालेले मंडळाचे अध्यक्ष रोमुआल्ड हातात मोजायची टेप आणि शिक्का घेऊन आले आणि ओळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

"हे काय आहे?"

"रासबेरी, साहेब."

"पानं कुठायत?"

"नोव्हेंबर आहे."

"नोव्हेंबर आमच्या कार्यालयातही आहे. तिथे कुंडीतल्या झाडाला पानं आहेत."

मग त्यांनी नियम समजावून सांगितला. पान असेल तर वनस्पती. पान नसून उभं असेल तर खांब. तीन खांब एका ओळीत आले की कुंपण, आणि तुकड्याच्या आत विनापरवाना कुंपण घालायला मनाई. सेवेरिन यांनी घाबरत घाबरत काडीवरचे डोळे दाखवले. डोळा हा वनस्पतीचा इरादा झाला, मंडळ इराद्याची नोंद घेत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मूळ असल्यास मात्र विचार करता येईल.

अध्यक्षांनी पहिलं रोप उपटलं. मूळ होतं.

"हे सिद्ध झालं," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "राहिली एकोणीस."

अध्यक्षांची कंबर दुखत होती. सेवेरिन यांना ते पाहवेना, म्हणून उरलेली एकोणीस त्यांनी स्वतःच उपटून दिली. वीसही रोपं जिवंत असल्याचं प्रमाणपत्र जागेवरच मिळालं आणि कुंपणाचा आरोप रद्द झाला. सेवेरिन यांनी आभार मानले.

"आता तुकड्यावर काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही."

"पत्रात आम्ही तेच विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही."

रोपं आत्ताच्या आत्ता परत लावतो, असं सेवेरिन म्हणाले. जरूर लावा, अध्यक्ष म्हणाले, म्हणजे उद्या पुन्हा पडताळता येतील. मात्र माणूस वाईट नव्हता. निघताना त्यांनी आवाज खाली आणला.

"नियमावलीतलं कलम सतरा वाचा. दुसऱ्याच्या नियमभंगाची तक्रार केली, की चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराचा तुकडा कुणी काढून घेऊ शकत नाही. चौकशी एप्रिलपर्यंत चालते. एप्रिलात सगळ्यांनाच पानं फुटतात."

"पण तक्रार कुणाची करू?"

"ते मी कसं सांगू? मी निःपक्षपाती आहे," अध्यक्ष म्हणाले आणि चौऱ्याऐंशी नंबरमधल्या चेरीच्या सहा कलमांकडे बघत उभे राहिले. कलमं सरळ होती. एका ओळीत होती. पान एकही नव्हतं.

सेवेरिन यांनी रोपं ओल्या गोणीत गुंडाळून खोपटात ठेवली आणि घरी येऊन कागद पुढे ओढला. 'आपल्या ऑक्टोबरच्या पत्रास उत्तर म्हणून कळवितो, की...' पुढची वाक्यं आपोआप येत गेली. एकही शब्द खोडावा लागला नाही. 'खेद' तर एकदाही आला नाही. या वेळी मसुदा एकच झाला, आणि आपल्याला लिहिता येतं हे बहात्तराव्या वर्षी कळल्याचं थोडं समाधानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात रांग होती. रजिस्टरच्या खिडकीपाशी व्हांदाबाई उभ्या होत्या. हातात पाकीट. पत्ता बागमंडळाचा. कलम सतरा त्यांच्याही घरी पोचलं होतं. ओल्या गोणीतला रोपांचा साठा विनापरवाना ठरतो का, हे सेवेरिन यांना त्या क्षणी आठवेना.

"या ना, सेवेरिनराव, तुम्ही पुढे व्हा. पाय दुखत असतील."

"छे हो, व्हांदाबाई. तुमचा नंबर आधी."

"रोपं वाळू देऊ नका बरं का."

"नाही, रोज पाणी शिंपडतो."

बाईंनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं, मागोमाग सेवेरिन यांनी. दोन शिक्के पडले. बाहेर पडताना त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला वाट करून दिली. त्याच्याही हातात पाकीट होतं. त्यावरचा पत्ता दोघांनीही वाचला नाही. तेवढी सभ्यता तर आपण सगळेच पाळतो.