टिल्लूकाकांचे गरम हात

टिल्लूकाका मासे धरायला निघतात तेव्हा त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक बटाटा असतो. ओव्हनमधून नुकताच काढलेला, फॉइलमध्ये गुंडाळलेला, चटका बसेल इतका गरम. पहिल्यांदा ते माझ्या गाडीत बसले आणि गाडीभर भाजक्या बटाट्याचा वास सुटला, तेव्हा मला वाटलं, माशांसाठीच असणार.

"छे गं! हे हातांसाठी," काका म्हणाले. "गार झाले की आपल्यासाठी. तिखट-मीठ आणलंय."

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये आम्ही शेजारी. मी पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी आलेली, आणि काका माझ्या जन्माच्याही आधी नाशिकहून आलेले डॉक्टर. भूलतज्ज्ञ. रिटायर होईपर्यंत इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवायचं काम केलं. नजर अधू झाल्यावर त्यांनी गाडी सोडली आणि शनिवारची मी त्यांची ड्रायव्हर झाले. म्हणजे त्यांनी विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. या गावात गाडीवाचून माणूस म्हणजे चौकातल्या गोल राउंडअबाउटच्या मधलं झाड, जागचं हलायची सोय नाही.

आता तुम्ही म्हणाल, टिल्लू आडनावाचा ब्राह्मण आणि मासे? बरोबर आहे. काका अंडंसुद्धा खात नाहीत. पण इथल्या तळ्यावर मासा धरायचा, क्षणभर बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा अशी रीत आहे, त्यामुळे धर्म बुडत नाही. गळाला ते कणकेची गोळी लावतात, त्यात चांगला चिमूटभर हिंग. तळ्यातल्या माशांना त्यांनी हिंगाची अशी चटक लावलीय की शेजारी बसणाऱ्या केविनच्या गळाकडे मासे ढुंकून बघत नाहीत. केविन बिचारा दर आठवड्याला विचारतो, "डॉक, काय घालतोस त्यात?" आणि काका गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "फॅमिली सीक्रेट."

पण मासे हे निमित्त. काकांचा खरा जीव हातांत. थंडी सुरू झाली की आतून पातळ लोकरीचे हातमोजे, वरून रबरी. मनगटावर जुन्या पायमोज्यांच्या नळ्या, कारण "मनगट सांभाळलं की बोटं आपोआप सांभाळली जातात." मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि पिशवीखाली हातमोज्यांची आणखी एक जोडी शेकत पडलेली. जरा घाम आला की जोडी बदलायची. "गारठ्यानं हात जात नाहीत, ओलीनं जातात. कोरडं म्हणजे कोरडं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वप्नात येतं. कुणी शेकहँडला हात पुढे केला की काका दोन पावलं मागे सरून नमस्कार करतात. लहान मासा लागला तर त्यालाही हात लावत नाहीत. जाळीतच ठेवून चिमट्यानं गळ सोडवतात आणि जाळी पाण्यात उलटी करतात.

केविनला वाटतं म्हातारा थोडा सरकलाय. मलाही वाटलं असतं, पण कारण काकांनी पहिल्याच थंडीत सांगून टाकलं होतं. तळ्यापासून दोन राउंडअबाउटवर वृद्धांचं केअर होम आहे. तिथे काकांची बायको, शैलाकाकू असतात. विसरण्याचा आजार. रोज दुपारी काका, एरवी टॅक्सीनं आणि शनिवारी माझ्या गाडीतून, डब्यात मऊ वरणभात नेतात आणि काकूंना भरवतात. तिथल्या मुली प्रेमळ आहेत, पण काकू त्यांच्या हातून खात नाहीत. आणि काकांचा हात जरा गार लागला की तोंड मिटून घेतात ते घेतातच, मग दिवसभर अन्न नाही.

"माझं नाव गेलं तिच्या डोक्यातून. चेहरा गेला," काका म्हणाले होते. "हात तेवढा राहिलाय. तो जपायला नको?"

मी बटाटा तिखट-मीठ लावून खाल्ला.

या हिवाळ्यात मात्र काकू काकांच्या हातूनही धड खाईनाशा झाल्या. कधी दोन घास, कधी तेही नाही. वजन उतरत चाललं. तिथले डॉक्टर काकांना बाजूला घेऊन बोलले, आणि डॉक्टर बाजूला घेऊन काय बोलतात ते काकांना मी कशाला सांगू! मी म्हटलं, काका, राहू दे मासे. तर म्हणाले, "इथे बसलो नाही तर मी तिच्यापुढे रडतो गं. सकाळचे हे तास मला लागतात."

म्हणून त्या शनिवारीही आम्ही गेलो. काठाचं पाणी गोठलं होतं. काकांनी दोरीला दगड बांधून बर्फ फोडला, टेबलाएवढी जागा मोकळी केली आणि गळ टाकला. केविन आलाच नव्हता, शहाणा माणूस. बटाटे गार झाले, आम्ही खाल्ले, आणि निघायच्या बेतात असताना गळाची काठी अशी वाकली की काका खुर्चीतून उडालेच.

"अगं बाई गं! जाळी! जाळी घे!"

कार्प होता. एवढा मोठा मासा मी दुकानातही पाहिला नव्हता. काका त्याच्याशी "ये रे राजा, ये" करत बोलत होते. आला एकदाचा काठाशी. आणि मग काकांनी जे केलं ते बघून मी ओरडलेच. रबरी मोजे काढले, लोकरीचे काढले, नळ्या भिरकावल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या बर्फाच्या पाण्यात घातले.

"काका! वेड लागलंय का? काकूंकडे जायचंय!"

"गरम कोरड्या हातानं मासा धरला तर त्याच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं. मग जखमा होतात, मरतो बिचारा. हा दमलाय, चिमट्याचं काम नाही हे. धरूनच ठेवायला हवा."

"मग मी धरते!"

"तुझ्या बोटांत अंगठ्या आहेत. ओरखडा जाईल."

मासा पाण्यात आडवा पडत होता आणि काका त्याला दोन तळव्यांवर सरळ धरून उभे. ओठ निळे पडले, पण हात काढेनात. बऱ्याच वेळानं माशानं शेपटी हलवली, काकांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला. थँक्यू नाही, काही नाही.

गाडीत मी हीटर फुल्ल लावला. काकांनी हात त्याच्या झोतापुढे धरले होते, तरी ते जांभळे ते जांभळेच. "आज ती जेवणार नाही," ते म्हणाले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या माशाचा संताप आला.

काकू खिडकीपाशी शाल पांघरून बसल्या होत्या. काका लांबच थांबले. "तू भरव," मला म्हणाले. मी चमचा पुढे केला, काकूंनी मान फिरवली. पुन्हा केला, पुन्हा फिरवली. शाल खांद्यावरून घसरली, आणि काकांनी सवयीनं ती सावरायला हात पुढे केला. बोटं काकूंच्या मानेला लागली.

काकू दचकल्या. झालं, संपलं, असं मला वाटलं.

काकूंनी तो हात पकडला. मग दुसराही ओढून घेतला.

"अरे देवा! बर्फ झालाय नुसता! मोजे कुठे टाकलेस?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला विचारतेय! कुठे टाकलेस?"

"हरवले," काका म्हणाले.

"हरवले म्हणे! आई काही बोलत नाही वाटतं तुला?" काकूंनी दोन्ही हात शालीत घेतले आणि जोरजोरात चोळायला लागल्या. मध्येच फुंकर घालायच्या, पुन्हा चोळायच्या, तोंडानं रागावणं चालूच. पंचाहत्तरी उलटलेले डॉक्टर टिल्लू मान खाली घालून शाळेतल्या पोरासारखे उभे होते. मी हळूच चमचा पुढे केला. काकूंना रागावण्यातून फुरसत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला आणि पुन्हा रागावू लागल्या. डबा रिकामा झाला. माझे डोळे इतके भरले होते की शेवटचे घास मी अंदाजानं भरवले.

परतताना काका म्हणाले, "मी आपला रोज हात गरम करून नेत होतो. तिला करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं गं मी."

पुढच्या शनिवारी एकही मासा लागला नाही. केविन कंटाळून आपलं सामान आवरत होता. निघायची वेळ झाली तशी काकांनी एकेक करून सगळे मोजे काढले, काठाशी वाकले आणि दोन्ही हात पाण्यात बुडवून स्वस्थ बसले. केविननं माझ्याकडे बघून खांदे उडवले.

"काका, मासा कुठाय?" मी विचारलं.

"मासा कशाला हवाय?" काका उठले, हात न पुसता गाडीत येऊन बसले आणि मी किल्ली फिरवताच म्हणाले, "चल लवकर. आणि ए, हीटर लावू नकोस."