कढी न सांडणारी मोटार

भय्यासाहेब गावंडे वकील सकाळी आमच्या ओट्यासमोर येऊन उभे राहायचे. अंगात काळा कोट, हातात कल्हई केलेला पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, आणि तोंडात एकच प्रश्न. "वैनी, कढी हाय काय?"

ही कढी ते खायचे नाहीत. ती त्यांच्या मोटारीत बसून बडनेऱ्यापर्यंत फिरून यायची.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा. अमरावतीत आमच्या अंबापेठेत मोटारी मोजक्याच, त्यात भय्यासाहेबांची जगावेगळी. अकोल्याच्या एका कापूस कंपनीतला गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. दोनच माणसांची, वरून उघडी, शर्यतीत पळवायची गाडी. इतकी बुटकी, की आत बसलं म्हणजे पाटावर पाय लांब करून बसल्यासारखं वाटे. पोरं तिला 'घोरपड' म्हणायची. भय्यासाहेबांना राग यायचा नाही. "घोरपड जमीन सोडत नाई बाप्पा," ते म्हणायचे, "तेच तर पाह्यजे."

पण शर्यतीच्या गाडीचा स्वभाव कडक. खडा लागला तरी मणक्याला कळतं. विलायतेत रस्ते तुळतुळीत असतील. आमच्या रस्त्यांवर कापसाच्या बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, चाकोऱ्या पाडलेल्या. त्यावरून घोरपड निघाली की भय्यासाहेबांची टोपी एकीकडे आणि ते दुसरीकडे. म्हणून चाकांजवळचे धक्के झेलणारे दांडे बदलायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि आमच्या पेठेचं करमणुकीचं साधन सुरू झालं.

आधी नागपुराहून मऊ दांडे आणले. खड्डे कळेनात, पण बडनेऱ्याच्या वळणावर गाडी अशी कलली की गंजभर कढी वकिलांच्या कोटावर. तसेच कोर्टात गेले. जजसाहेबांनी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "साहेब, हा पुरावा हाय. धुता येत नाई."

मग कडक दांडे बसवले. वळणावर गाडी हलायची नाही, पण खड्ड्यात कढी सरळ वर उडायची आणि अर्धी गंजात परत यायची, अर्धी रस्त्यावर. मी एकदा वैतागून म्हटलं, "अवो, पाणी नेत जा ना! माझं ताक कावून नासवता?"

"पाणी वाळून जाते, वैनी. फितूर साक्षीदार हाय थो. हळदीचा डाग खोटं बोलत नाई."

अखेर मुंबईहून तिसरा प्रकार मागवला. त्याला प्रत्येक चाकाजवळ एक पेच. आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. झालं! भय्यासाहेब कोर्टातून आले की कोट काढून गाडीखाली. गावातल्या रस्त्याला एक माप, डांबरी सडकेला दुसरं, मूर्तिजापूरकडच्या काळ्या मातीला तिसरं. पुढचे पेच सैल केले तर मागची चाकं उड्या मारणार, सगळेच सैल केले तर वळणावर घात. "अर्धा आटा!" म्हणजे पेचाचा अर्धा फेरा. हा शब्द त्यांच्या तोंडी असा बसला की विचारू नका. भाजी तिखट झाली, अर्धा आटा जास्त. पावसाने ओढ दिली, वरच्यानं अर्धा आटा आवळला. एकदा आमच्या घरात नवरा-बायकोची चांगलीच जुंपली होती, तर भय्यासाहेब कुंपणावरून डोकावून म्हणतात, "वैनी, अर्धा आटा ढिला घ्या. गाडी चालली पाह्यजे."

शेजारच्या सीटवर ज्वारीचं एक पोतं बांधलेलं असायचं आणि त्याच्यावर कढीचा गंज. माणूस मात्र ते बसू द्यायचे नाहीत. एकदा ते जाडजूड जजसाहेब हौसेनं म्हणाले, आम्हाला पण एक चक्कर मारून आणा. हे हात जोडून म्हणाले, "माफ करा, साहेब. तुमी बसले की माह्ये पेच सारे खोटे पडतात."

चक्कर मारून आले की समोरच्या त्यांच्या घराच्या खिडकीतून आवाज यायचा, "अवो, सांडली काय?"

त्या कुसुमताई. भय्यासाहेबांच्या बायको. पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेल्या. कंबर आखडून अशी ताठ झाली होती की पाय दुमडून खुर्चीत बसणं बंद. पलंग खिडकीशी लावलेला, तेवढंच त्यांचं जग. त्यांची आई अकोल्याला होती. तीही थकून घरात पडलेली, तिला इकडे आणणं अशक्य. मायलेकींची वर्षानुवर्षं गाठ नव्हती. मी दुपारी जाऊन बसले की ताई दुसरं काही मागायच्या नाहीत. "एकडाव मायले पाह्यलं असतं, वैनी. मंग काई का होईना."

मग मला त्या मोटारीची चीड यायची. बायको आईसाठी झुरतेय आणि नवरा कढीला हवा खायला नेतोय! त्यात एक दिवस पाहते, तर हे पोत्यातून ओंजळभर ज्वारी काढून अंगणात चिमण्यांना टाकतायत. अधूनमधून असं करायचे. त्या दिवशी मात्र माझा तोल गेला.

"भय्यासाहेब, शोभते काय तुमाले हे? ती घोरपड इका, चांगली मोठी मोटार घ्या, अन् ताईले मायच्या भेटीले न्या!"

हातातली ज्वारी तशीच धरून ते ओट्यावर बसले.

"सारं करून पाह्यलं, वैनी. बसमधून नेलं तर बडनेऱ्याहून वापस आणा लागलं, इतकी रडत होती. आगगाडीच्या पायऱ्या तिले होत नाईत. मोठ्या मोटारीत वाकून शिरा लागते, पाय खाली सोडून बसा लागते. तिले वाकता येते काय?" त्यांनी घोरपडीकडे बोट दाखवलं. "ह्या गाडीत पाय लांब करून, मागं रेलूनच बसा लागते. वरून उघडी. मी उचलून वरच्या वर ठेवू शकतो. साऱ्या वऱ्हाडात तिच्यासाठी ही एकच मोटार हाय. फक्त धक्का नाई लागला पाह्यजे."

मी विचारलं, "अन् हे पोतं?"

"तिच्याच वजनाचं हाय." ते हातातल्या ज्वारीकडे पाहत म्हणाले, "ती वाळत चालली, वैनी. मंग पेच नव्यानं लावा लागतात."

माय वं! मी घरात गेले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. दुसऱ्या दिवसापासून मीच गंज भरून कुंपणावर ठेवू लागले.

हिवाळा लागला. रस्ते वाळले, आणि गंज जसा जायचा तसाच भरलेला परत येऊ लागला. एका सकाळी गंज तसाच कुंपणावर राहिला आणि भय्यासाहेब धुतलेला कोट घालून आले. "आज कढी नोको, वैनी. शीट रिकामी नाई."

धावत बाहेर गेले. कुसुमताई गाडीत पाय लांब करून बसल्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर हिरवं लुगडं. पेठ सगळी रस्त्यावर. गाडी अशी हळू निघाली की म्हातारी माणसं सोबत चालत कोपऱ्यापर्यंत गेली. वाटेत ठिकठिकाणी उतरून ते पेच फिरवत गेले म्हणे. चार दिवसांनी दोघं परत आली. ताईंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मायच्या कुशीत निजली मी, वैनी. अन् वाटंत कुठीच दुखलं नाई." हे सांगताना लहान मुलीसारख्या हसत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमताई गेल्या.

भय्यासाहेब कोर्टात जायचे, यायचे. घोरपड ताडपत्रीखाली. समोरची खिडकी बंद. 'अर्धा आटा' कुणी ऐकला नाही. आमच्या घरी मीही कढी करणं जवळजवळ सोडलं होतं.

मग पावसाळा सरल्यावर एका सकाळी ओट्यासमोर हाक आली. "वैनी, कढी हाय काय?"

हातात तोच गंज. मी म्हटलं, "भय्यासाहेब, आता पेच लावून काय करता?"

"पेचाले हात नाई लावला. तिच्या मापाचेच हायेत." मग हळूच म्हणाले, "बाजूची शीट रिकामी असली की गाडी चालवाले बरं नाई वाटत."

कढी नव्हती. त्यांना ओट्यावर बसवलं, ताक घुसळलं, फोडणी दिली, आणि गंज काठोकाठ भरून दिला. ते निघाले. मी कामं टाकून दारातच उभी राहिले.

बऱ्याच वेळानं घोरपड आली. त्यांनी पोत्यावरचा गंज दोन्ही हातांनी उचलला आणि सवयीनं त्या खिडकीकडे पाहिलं. पाहतच राहिले. गाडीतून उतरेनात.

मला राहवेना. दारातूनच ओरडले, "भय्यासाहेब, सांडली काय?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरलेले, पण हसले.

"नाई, वैनी," ते म्हणाले, "थेंबही नाई सांडला."