व्याह्यांना गेलेलं कार्ड

वर्ष संपायला तीन दिवस उरले होते. घराची मोठी साफसफाई चालली होती आणि सातोएबाईंनी कोतात्सूची, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजावरची, रजई झटकली, तर तिच्यातून एक कार्ड खाली पडलं.

"अहो, हे इथे काय करतंय?"

ओकायामाच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले हिराओका तोकुजी तेव्हा स्टुलावर चढून दिव्याची धूळ पुसत होते. त्यांनी वरूनच पाहिलं. कार्डावर प्लमची तीन गुलाबी फुलं होती, खाली सुबक अक्षरात नव्या वर्षाच्या शुभेच्छा होत्या आणि पत्त्याची बाजू कोरी होती. हिराओका स्टुलावरून उतरायचं विसरले.

त्याचं असं झालं होतं. चाळीस वर्षं दर डिसेंबरला शंभरेक कार्डं लिहून हिराओकांचा हात आणि जीव दोन्ही दुखायला लागले होते. निम्म्या लोकांचे चेहरेसुद्धा आता आठवत नव्हते. हल्ली वयस्कर मंडळी करतात तसं त्यांनीही ठरवलं, की यंदाचं कार्ड शेवटचं. येणारं वर्ष घोड्याचं, म्हणून घोड्याचं चित्र असलेली शहाण्णव कार्डं छापून घेतली आणि त्यावर ओळ टाकली : 'वयोमानामुळे पुढील वर्षापासून शुभेच्छांचा हा व्यवहार थांबवत आहोत. आजवरच्या स्नेहाबद्दल मनःपूर्वक आभार.'

अपवाद एकच. मुलगी चिहारु हिचं लग्न त्सुयामाच्या कुवाबारांच्या मुलाशी ठरत आलं होतं. फेब्रुवारीत साखरपुडा होता. व्याह्यांना जाणारं हे पहिलंच कार्ड. सातोएबाईंनी दुकानात अर्धा तास घालवून ते निवडलं होतं. फुजी पर्वत बँकेच्या कॅलेंडरासारखा वाटला, बगळे फार श्रीमंती वाटले, घोडा रागावलेला वाटला. शेवटी प्लमची फुलं पसंत पडली.

आणि तीच फुलं आता जमिनीवर पडली होती.

"मग कुवाबारांना काय गेलं?" सातोएबाईंनी विचारलं.

"यादीत नाव होतं... मी यादीप्रमाणे पत्ते घालत गेलो..."

"म्हणजे घोडा गेला?"

"घोडा गेला," हिराओका म्हणाले आणि स्टुलावरच बसले.

"अहो, आजवरचा स्नेह म्हणे! त्यांच्याकडे आपण एकदा चहा प्यायलोय फक्त! पोरगी चौतीस वर्षांची झाली, आत्ता कुठे जमतंय, आणि बाप लिहितो व्यवहार थांबवतो म्हणून!"

हिराओका तसेच पोस्टात धावले. नव्या वर्षाची कार्डं पोस्ट साठवून ठेवतं आणि एक तारखेला सकाळी एकदम घरोघरी वाटतं, तेव्हा अजून आशा होती. खिडकीवरच्या मुलीने तीनदा कमरेत वाकून दिलगिरी व्यक्त केली. कार्ड केव्हाच त्सुयामाला पोचलं होतं आणि तिथे घराघराचे गठ्ठे बांधून तयार होते.

"अर्ज करता येईल, पण सापडेलच अशी खात्री नाही देता येणार," ती म्हणाली. "फार महत्त्वाचं आहे का?"

"माझ्या मुलीचं लग्न आहे त्यात."

तिने चौथ्यांदा वाकून अर्ज दिला. हिराओकांनी तो भरला, पण त्यांचा जीव काही थाऱ्यावर येईना. घरी ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. सातोएबाईंनी उपाय म्हणून त्यांच्या हातात झाडू दिला, तर ते झाडू घेऊन फिरू लागले.

"फोन करू का?"

"करून काय सांगाल? एक तारखेला तुमचा अपमान टपालाने येतोय, तो वाचू नका?"

शेवटी एकतीस तारखेला ते म्हणाले, "मी जातो. टपाल यायच्या आत त्यांच्या पेटीपाशी उभा राहतो. घोडा आला की काढून घेतो."

"आणि चोर म्हणून पकडलं तर?"

"तर निदान बोलणं तरी होईल त्यांच्याशी."

एक तारखेला पहिल्या गाडीने हिराओका निघाले. साडेआठला ते कुवाबारांच्या फाटकासमोर होते. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. प्लमच्या कार्डावर त्यांनी घरूनच पत्ता घालून आणला होता. चांगल्या कामाला उशीर कशाला, म्हणून त्यांनी ते आधीच पेटीत सरकवलं आणि पोस्टमनची वाट पाहत येरझारा सुरू केल्या.

सातव्या फेरीला दार उघडलं. जाड कोट घातलेले कुवाबारा बाहेर आले आणि हिराओकांना पाहून पांढरेफटक पडले.

"हिराओकासाहेब! तुम्ही... स्वतः आलात?"

"सहज," हिराओका म्हणाले. "शुभेच्छा द्याव्या म्हटलं. निघतोच आता."

"छे छे! असे कसे निघता? आत चला. आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला. पण आत चला!"

हिराओकांची खात्रीच पटली. याचा अर्थ घोडा आधीच पोचला. नाहीतर हा माणूस इतका का बिचकतोय? कुवाबारांनी त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं आणि मानाच्या जागी बसवलं. विहीणबाई लगबगीने नव्या वर्षाच्या खास पदार्थांचे थर लावलेले लाखेचे डबे घेऊन आल्या. मग मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांचं, गरम सूप आलं, मग साके ही तांदळाची दारू आली, मग घरातला सगळ्यात मोठा मासा आला.

"घ्या ना, अजून एक मोची."

"नको, चार झाल्या."

"मनात राग ठेवून जेवू नये माणसाने," कुवाबारा काकुळतीला येऊन म्हणाले.

"राग? मला कसला राग? राग तर तुम्हाला..." हिराओकांनी जीभ चावली आणि पाचवी मोची तोंडात कोंबली.

तेवढ्यात बाहेर पोस्टाच्या मोटारसायकलचा आवाज आला. हिराओका उठले. कुवाबाराही उठले. "मी आणतो!" असं दोघं एकदम म्हणाले. पण विहीणबाई दाराशीच होत्या, त्या गेल्या आणि रबरबँड लावलेला गठ्ठा घेऊन आल्या.

"अय्या, सगळ्यात आधी तुमचंच कार्ड, पेटीत सुटंच होतं! काय गोड फुलं आहेत." त्यांनी मोठ्याने वाचलं. "'दोन्ही घरांचा स्नेह वर्षानुवर्षं वाढत जावो.' वा!" मग त्यांनी रबरबँड काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हेही तुमचंच? 'पुढील वर्षापासून हा व्यवहार थांबवत आहोत.'" त्यांनी दोन्ही कार्डं शेजारीशेजारी धरली. "म्हणजे वाढवायचा की थांबवायचा?"

हिराओकांच्या घशात मोची अडकली. त्याच वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला.

सातोएबाईंचा आवाज फोनबाहेर साऱ्या खोलीत ऐकू येत होता. "अहो, कुठे आहात? त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका! आत्ता त्यांचं कार्ड आलंय. म्हणतात, वयपरत्वे यापुढे कार्डं पाठवणार नाही, आजवरच्या ऋणानुबंधाबद्दल आभार! यांना मुलगी नको असेल तर सरळ सांगावं ना तोंडावर! उठा, या परत!"

कुवाबारांनी मान खाली घातली.

"दोनशे छापली होती," ते हळूच म्हणाले. "तुमचं वेगळं ठेवायला सांगितलं होतं हिने. परवा रात्री लक्षात आलं. तेव्हापासून घास उतरत नाहीये. तुम्हाला फाटकात पाहिलं आणि वाटलं, संपलं, हे मोडायला आले."

हिराओकांनी मोची गिळली. मग खरं काय ते त्यांनीही सांगितलं, अगदी स्टुलापासून. विहीणबाई पदर नसल्यामुळे हातरुमाल तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि त्या हसल्या तेव्हा हिराओकांना तीन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पोरीचं लग्न वाचलं होतं. त्यांचे डोळे पाणावले, त्याचं खापर त्यांनी मुळ्याच्या तिखट लोणच्यावर फोडलं.

विहीणबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि दोघी बायका वीस मिनिटं बोलल्या. फोन ठेवून त्या प्रसन्नपणे म्हणाल्या, "आमचं ठरलं. दोघांनीही कार्डं बंद केलीत ना? उत्तम. कागदाचा कारभार हवाच कशाला? आजच्यासारखं दर एक तारखेला प्रत्यक्षच भेटायचं. एका वर्षी तुम्ही इकडे, एका वर्षी आम्ही तिकडे. सकाळीच, पहिल्या गाडीने."

कुवाबारा हिराओकांना स्टेशनपर्यंत सोडायला आले.

"खरं सांगू?" फलाटावर कुवाबारा म्हणाले. "मला थंडीत घराबाहेर पडायला मुळीच आवडत नाही."

"मला पाहुण्यांसमोर दोन तास गुडघे मोडून बसवत नाही."

"त्यापेक्षा एक कार्ड लिहिलं असतं तर..."

"आता कोण ऐकतंय?"

गाडी आली. हिराओका चढले, वळले आणि रीतीप्रमाणे कमरेत वाकले.

"पुढच्या वर्षी तुमची पाळी," ते म्हणाले.