पिशवीवरचं गाढव

एका जंगलात एक गाढव राहत होतं. बाळांनो, हसू नका. ते गाढव म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाला गाढव करून गोष्ट सांगता आली असती, पण मग अनुभव कुठून आणायचा?

माझं छोटंसं गुऱ्हाळ होतं. उसाचा चरक मी ओढायचो. रस काहिलीत उकळून गूळ करायचं काम आमच्या हिचं. गाढवाला गुळाची चव काय, असं लोक म्हणत आणि ढेपा आमच्याकडूनच नेत.

आमच्याकडे आजोबांपासूनची एक रीत होती. गुऱ्हाळावर जो येईल त्याला पळसाच्या पानावर गरम काकवी द्यायची. मग तो गूळ घेवो, न घेवो.

एक दिवस बगळेसाहेब आले. ते तळ्याकाठी एका पायावर उभे राहून धंद्याचे सल्ले देत. काकवी संपवून त्यांनी चोच पुसली.

"ही फुकट देता? हिच्यावर तुमचं नाव कुठंय?"

"काकवीवर नाव कसं घालणार, साहेब?"

"तेच म्हणतोय. पोटात गेली की कुणाला दिसते? संक्रांत महिन्यावर आली. वर्षाचा निम्मा गूळ तेव्हा खपतो ना तुमचा? लोकांच्या हातात नाव द्या."

मला एकदम पटलं. मला कुणाचंही एकदम पटतं, हे माझं जुनं दुखणं आहे.

शेजारच्या गुऱ्हाळवाल्या रानडुक्कर अण्णांना मी उभा ऊस विकला. शेताचा एक तुकडा तेवढा ठेवला. आलेल्या पैशांत टोप्या, कीचेन आणि कापडी पिशव्या छापून घेतल्या. सगळ्यांवर माझा हसरा फोटो. जंगलात कुणाच्याच घराला दार नाही, तिथे किल्ली कुठली, हे कीचेन वाटून झाल्यावर लक्षात आलं.

काकवी बंद केली. पिशव्या वाटत मी दिवसभर जंगल पालथं घालू लागलो.

"अहो, चरक कोण ओढणार?" हिनं विचारलं.

"आधी नाव तर होऊ दे."

"मग नावच घालते काहिलीत. उकळून बघू."

हिला मार्केटिंग कळत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

नाव मात्र झालं. माकडांच्या डोक्यावर मी, हत्तीच्या सोंडेत मी. वाघसुद्धा मला नावानिशी ओळखू लागला. गाढवाच्या दृष्टीनं ही काही फार चांगली गोष्ट नाही, पण तेव्हा मला अभिमान वाटला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळं जंगल माझ्या पिशव्या घेऊन निघालं. मी कान ताठ करून वाटेवर उभा राहिलो. रांग माझ्यासमोरून पुढे गेली. परत येणाऱ्या हरीणवहिनींना मी थांबवलं. त्यांच्या गळ्यातली पिशवी गच्च भरली होती.

"वहिनी, गूळ कुणाचा घेतलात?"

"अण्णांचा. काकवीपण देतात हो पानावर. तुमच्याच उसाची ना? चव अगदी तीच लागते."

"आमच्याकडे नाही आलात?"

"आले होते परवा. ताई म्हणाल्या, गूळ नाही, पिशवी आहे. ती तर माझ्याकडे होतीच." वहिनींना माझी दया आली असावी. "पण पिशवी मजबूत आहे हो. चार ढेपा घातल्या, बंद जरासुद्धा उसवला नाही."

वहिनी निघाल्या. पिशवीवर मी हसत होतो. मला फार वाईट वाटलं. आजोबांनी उभं केलेलं गुऱ्हाळ मी एका महिन्यात बसवलं होतं. घरी गेलो तर हिनं काहील घासून पालथी घातली होती.

आता मी अण्णांच्या गुऱ्हाळावर चरक ओढतो. माणूस चांगला आहे. म्हणजे, डुक्कर चांगलं आहे. सुट्टीच्या वेळी मलाही पानावर काकवी देतात.

तात्पर्य: माल संपतो, नाव राहतं. म्हणून नाव नेहमी पक्क्या रंगात छापावं. शेजाऱ्याला वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.